साडेबारा मीटर पाण्यात

"गुरू, डबो आपटलंस काय रे?"

माझ्या हातातला फोन ओढून घेऊन दाजींनी पहिला प्रश्न हा विचारला. नवरा तीन आठवड्यांनी इंडोनेशियातून बोलतोय, धड चार मिनिटं बोलणं झालेलं नाही, आणि सासरा मधेच डब्याचं काय विचारतोय, मला काही कळेना. मी विहिरीच्या कठड्यावर उभी होते. आमच्या त्या घरात मोबाइलला रेंज यायची ती तेवढ्याच एका जागी.

दाजी म्हणजे माझे सासरे. माझं माहेर कवठेमहांकाळकडचं, आणि आमच्याकडे दाजी म्हणतात बहिणीच्या नवऱ्याला. त्यामुळे लग्न होऊन सिंधुदुर्गात आले तेव्हा सासऱ्याला 'दाजी' अशी हाक मारताना पहिले सहा महिने मला हसू फुटायचं. पण सगळा गावच त्यांना दाजी म्हणायचा, त्यांचा मुलगासुद्धा.

"चीफ ऑफिसरान आपटलो ना," गुरुनाथ फोनवर म्हणाला. स्पीकर चालू होता. "बरोबर आसा म्हणालो."

"तू बघलंस?"

"नाय."

"तुका काय दिसता ता सांग."

गुरू म्हणाला, "चार दिवस पाऊस पडता हंय. बार्जीतली माती बुटाक चिकटता. पण दाजी, कागद सगळे बरोबर आसत. कॅप्टन घाईत आसा. माझा कोण ऐकतलो?"

"कोण ऐकतलो ता मागीर बघ. पाचय हॅचातली माती घे. वरची घेव नको, खोल हात घालून मधली घे. डब्यात भर, पंचवीस वेळा लोखंडार आपट. पाणी वर इला तर जहाज सुटाक देव नको."

एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते घरात निघून गेले. माझा पारा चढला होता. मी गुरूला म्हटलं, "दाजींचं काय एवढं मनावर घेता? त्यांना बंदर सोडून पंधरा वर्षं झाली." तो म्हणाला, "वैजू, कॅप्टन या आठवड्यात माझा रिपोर्ट पाठवणार आहे. चीफ ऑफिसरच्या पोस्टसाठी," आणि तेवढ्यात फोन कट झाला.

पुन्हा लागेना. म्हणून मी मेसेज लिहिला. तो शब्दन् शब्द आजही मला पाठ आहे: 'दाजींचं ऐकून कुणाशी वाद घालू नका. रिपोर्ट जाऊ दे. गप्प राहा.' थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, 'बरं.' दाजींना मी यातलं काही सांगितलं नाही.

मी असं का लिहिलं, तेही सांगून टाकते. गुरू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. एकदा गेला की नऊ महिने यायचा नाही. चीफ ऑफिसर झाला असता तर चार-पाच महिन्यांनी घरी आला असता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि एकत्र राहिलेले दिवस मोजले तर वर्षही भरत नव्हतं. मला नवरा घरी हवा होता, बाकी काही नाही.

जहाजाचं नाव 'कोरल ज्युबिली'. सुक्या मालाचं जहाज, म्हणजे धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल पोत्याबित्यात न भरता थेट पोटात ओतून नेणारं. या खेपेला ते किनाऱ्यावरून बार्जींनी, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या होड्यांनी, आणलेली निकेलची माती घेऊन चीनला निघालं होतं. दाजींनी आयुष्यभर इकडच्या एका बंदरावर लोखंडाची माती जहाजात भरून घेणाऱ्या टोळीचा फोरमन म्हणून काम केलं होतं. त्यामुळे मुलाचं जहाज बदललं की ते मला मोबाइलवर त्या जहाजाची सगळी माहिती काढायला लावायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचे. लांबी एकशे नव्वद मीटर, रुंदी बत्तीस, हॅच म्हणजे पोटातली मालाची कोठारं पाच, क्रेन चार, माल मावतो सत्तावन्न हजार टन, बांधणी दोन हजार चार. मला बघायला आले होते तेव्हा माझी एवढी चौकशी या माणसाने केली नव्हती.

आणि रोज सकाळी चहा झाला की हुकूम यायचा, "वैजू, कठड्यार चढ गो. बघ खंय पोचला."

मग मी त्या वेबसाइटवर जहाजाचं नाव घालायची. नकाशावर एक हिरवा बाण दिसायचा. मी वेग सांगायची, दिशा सांगायची आणि शेवटी ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय तो आकडा. दाजींना बाकी सगळ्यापेक्षा त्याचीच गोडी. रिकामं जहाज सहा-सात मीटर बसायचं, भरलेलं साडेबारा. मी वाचून दाखवला की ते "हां" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. आमच्या दुष्काळी गावात विहिरीला साडेबारा मीटर पाणी म्हणजे लोकांनी नारळ फोडला असता. इथे तेवढं पाणी नुसतं एक जहाज तरतं ठेवायला लागत होतं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जहाज सुटलं. बाण ईशान्येला निघाला, वेग अकरा, ड्राफ्ट साडेबारा. दाजींनी "हां" म्हटलं नाही. "डबो आपटल्यान आसतलो काय गो?" असं मलाच विचारलं. मी म्हटलं, "आपटला असेल की," आणि आत जाऊन भाकरी थापायला बसले.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मी स्वतःहूनच कठड्यावर चढले. बाणाने उलटं तोंड केलं होतं. चीनकडे चाललेलं जहाज आता नैर्ऋत्येला बघत होतं आणि वेग होता फक्त चार.

मला वाटलं मोबाइलचं काही तरी बिघडलंय. दाजींना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ त्या एवढ्याशा बाणाकडे बघितलं.

"परत फिरला," ते म्हणाले.

"काही विसरलं असेल त्यांचं."

"वैजू, भरलेला जहाज उगाच परत फिरत नाय."

तासाभराने पुन्हा बघितलं तर बाण करडा झाला होता आणि खाली लिहिलं होतं की सिग्नल मिळत नाही. तसं याआधीही व्हायचं. किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटातल्या वेबसाइटवर जहाज दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आधी ते सरळ जाता जाता दिसेनासं व्हायचं, असं पाठ फिरवून नाही.

त्या संध्याकाळी मी दाजींना विचारलं, "ते डब्याचं काय आहे ते मला एकदा सांगा." त्यांनी सांगितलं नाही, करून दाखवलं. दूध पावडरीचा रिकामा डबा घेतला. परसातली तांबडी माती भरली, त्यात थोडंसंच पाणी शिंपडलं. हाताला माती कोरडीच लागत होती, मी स्वतः बोट घालून बघितलं. मग त्यांनी धुण्याच्या दगडावर डबा आपटायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. बारा-तेराला मातीवर चकाकी आली. वीसला पाणी वर आलं. पंचविसाला त्यांनी एक खडा वर ठेवला, तर तो हळूहळू आत गेला.

"माती सुकी दिसता," ते म्हणाले. "पण पोटात पाणी आसता. जहाज हालता, हालता, माती दबता आणि पाणी वर येता. मगे ती माती ऱ्हवत नाय, तिची पेज होता. आणि पेज एका बाजूक गेली की जहाज तिच्या वांगडा जाता. बोटी सोडूक पण वेळ गावत नाय."

"बास करा," मी म्हटलं.

एवढी कोटी-कोटीची जहाजं आणि त्यांची परीक्षा एका डब्यावर, असं दोन दिवसांपूर्वी मी मनात हसले होते. आणि ज्याने तो डबा आपटायचा त्याला मी गप्प राहा म्हणून सांगितलं होतं. तोही शहाणा 'बरं' म्हणून मोकळा झाला होता.

रविवारी जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. ड्युटीवरच्या माणसाने 'माहिती घेऊन कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही. सोमवारी दुसऱ्याच कुणी तरी सांगितलं, "मॅडम, सगळं ठीक आहे, काही तांत्रिक कारण आहे." मी दाजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ऑफिस म्हणजे तसाच सांगतला," आणि ताटावरून उठले. त्या तीन दिवसांत त्या घरात भात शिजला आणि कुत्र्याने खाल्ला. मी दिवसातून चाळीस वेळा कठड्यावर चढत होते. शेजारची काकू म्हणाली, "गो बाय, पडशीत बावडेत." मनात म्हटलं, पडले तर पडले.

मंगळवारी सकाळी बाण पुन्हा हिरवा झाला.

मी एवढ्या जोरात हाक मारली की दाजी अर्ध्या दाढीनिशी धावत आले. जहाज एका बेटाच्या आडोशाला, नांगर टाकून. मी नुसती हसत सुटले होते. दाजी हसले नाहीत.

"ड्राफ्ट सांग."

"साडेबारा. तेवढाच आहे."

"खंय जाता म्हणान लिवला?"

"चीनच. तेच जुनं."

त्यांनी टॉवेलने साबण पुसला. "ही मशीन आपसूक सिग्नल धाडता, वैजू. जहाजार माणूस आसलो नसलो तरी धाडता."

या माणसाला देवाने जीभ कशाला दिली, असं मला त्या क्षणी वाटलं. मी कठड्यावरून उतरले आणि त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "तुम्हाला काय हवंय? तुमचा मुलगा मेलेलाच हवाय का?" सासऱ्याला असं बोलायला माझ्या आईने मला शिकवलं नव्हतं. दाजी तिथेच खाली बसले, विहिरीला पाठ लावून.

मग माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"ब्याऐंशी साल. मे म्हयनो. दोन दिवस अवकाळी पाऊस पडलो आणि मातीचे ढीग उघडे होते. ग्रीक जहाज लागलेला. त्याचो कॅप्टन खाली इलो, मूठभर माती घेतल्यान, दाबल्यान, आणि माका इचारल्यान, 'ड्राय?' मी म्हटलंय, 'येस, ड्राय.'"

"नवव्या दिवशी बातमी इली. चोवीस माणसां होती. एकसुद्धा मिळाक नाय. माका कोणी काय इचारूक नाय, कागद बरोबर होते. आणि माका कोणी खोटा बोलाक पण सांगूक नाय, वैजू. काम लवकर आटपान घराक जावचा होता. म्हणान मी आपणहून बोललंय."

मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझा मेसेज त्यांना सांगितला. तो शब्दन् शब्द. मला वाटलं आता हे उठतील, मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरोबरच होतं. दाजींनी नुसती मान हलवली.

"तू पाच दिवसांत बोललंस," ते म्हणाले. "माका एकतीस वर्षां लागली."

त्यांच्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. ती गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कालचा भात फोडणी देऊन खाल्ला. पोटात काही तरी गेलं.

बुधवारी साडेदहाला मी पुन्हा चढले. बाण तिथेच, नांगरावर. मी सवयीने खाली वाचत गेले.

"दाजी," मी म्हटलं, "ड्राफ्ट अकरा पॉइंट नऊ झालाय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. आणि चीनचं नाव काढलंय. तिथे आता 'फॉर ऑर्डर्स', म्हणजे पुढच्या हुकमाची वाट, असं लिहिलंय."

दाजी आत धावले आणि कॅलेंडर घेऊन आले. कठड्यावर कागद ठेवून पेन्सिलीने आकडे मांडायला लागले. "साठ सेंटिमीटर. एका सेंटिमीटराक सत्तावन टन. म्हणजे तीन हजार चारशे टन. एक बार्ज भरून माती उतरवल्यानी, वैजू. उतरवतत ती."

मला एकदम आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा गुरू जहाजावर गेला तेव्हा वेबसाइटवर दोन दिवस चुकीचं बंदर दिसत होतं. मी त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला होता, "अगं, ते यंत्राला काय कळतं? कुठे चाललोय आणि किती खोल बसलोय, हे मी हाताने भरतो. सेकंड ऑफिसरचं काम ते. भरायचं विसरलो होतो."

मी हे सांगितलं तर दाजी माझ्याकडे बघतच राहिले. "ह्यो आकडो गुरून घातल्यान?"

"दुसरं कोण घालणार?"

मग त्या म्हाताऱ्याने काय करावं? माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि त्या अकरा पॉइंट नऊवर अंगठा फिरवत बसला. स्क्रीन हलायला लागली, आकडा वर गेला, पार कुठल्या तरी जाहिरातीत शिरला. मी परत आणून दिला तर पुन्हा तेच. मी तिथेच कठड्यावर बसून रडून घेतलं, पोटभर. पाच दिवस रडायचं धाडस झालं नव्हतं. रडलं तर खरं होईल असं वाटायचं.

फोन गुरुवारी आला, सकाळी अकराला. अनोळखी नंबर.

"वैजू," गुरू म्हणाला.

मग त्याने सांगितलं. मेसेज वाचून तो गप्प राहिला होता. जहाज सुटलं. शनिवारी दुपारी लाटेबरोबर डावीकडे कललं ते परत सरळ व्हायला तयार होईना. तेव्हा हा मुदपाकखान्यातून डबा घेऊन हॅचमध्ये उतरला, खालची माती काढली, तशीच वर आणली आणि कॅप्टनच्या समोर टेबलावर आपटायला लागला. अठराला पाणी आलं. कॅप्टनने पंचवीस होऊच दिले नाहीत. तिथल्या तिथे जहाज वळवलं. मग तीन दिवस, डोक्यावर भरलेली घागर घेतल्यासारखं, हळूहळू चालवत बेटाच्या आडोशाला आणलं. आता माती बार्जीत उतरवत होते. जहाज सरळ झालं होतं. बावीसच्या बावीस माणसं सुखरूप होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"माझंही. डोळ्यांना दिसत होतं की मला."

"आणि तुमचा रिपोर्ट?"

"कसला रिपोर्ट घेऊन बसलीस. कॅप्टनने मला विचारलं, आधी का बोलला नाहीस?"

"मग?"

"काय सांगणार? खरं ते सांगितलं. म्हटलं, बायको म्हणाली गप्प राहा."

मी डोळे मिटून घेतले. माझी लाज आता सातासमुद्रापार पोचली होती. "काय म्हणाले ते?"

"आधी नुसता त्या डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, माझी बायको पण हेच म्हणाली होती."

मला आधी हसू आलं, मग ते मधेच कुठे तरी अडकलं. "कुठल्या आहेत हो त्या?"

"केरळच्या. कोल्लमकडच्या. कॅप्टन शेजारीच उभा आहे. इथे एकट्या कुकच्या सिमला रेंज येतेय, त्यामुळे सगळे रांगेत आहेत. माझ्यामागे तोच. जहाजाच्या ईमेलवरून फक्त ऑफिसला कळवलंय, घरी कुणालाच बोलता आलेलं नाही. पण तू बोल, घाई नको. तो थांबतो म्हणालाय."

कोल्लमची ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्या घरात कुठे रेंज येते कोण जाणे. ड्राफ्टचा आकडा बघायचं तिला कुणी शिकवलं असेल की नाही. मी दाजींकडे बघितलं. ते हात पुढे करून उभे होते, त्यांनाही मुलाशी बोलायचं होतं. बोलायला माझ्याकडे तीन वर्षांचं साठलेलं होतं.

"अहो, ऐका," मी म्हटलं. "फोन त्यांना द्या."

"अगं, पण आत्ताच तर..."

"त्यांना द्या. आपलं नंतर."

आणि मी फोन ठेवला. दाजींचा हात तसाच पुढे होता.

"कट झालो?"

"नाही," मी म्हटलं. "मी ठेवला. कॅप्टनची बायको वाट बघत असेल."

दाजींनी हात मागे घेतला. समुद्राच्या बाजूला बघत म्हणाले, "बरा केलंस गो."